निर्देश कुठे आहेत? नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
विषय: बागेचा पालापाचोळा आणि फांद्या उचलण्याबाबत
स. न. वि. वि.

शहराचं नाव मुद्दामच लिहीत नाही. लिहिलं की हे पत्र खाली खाली सरकत आमच्या आरोग्य कोठीवरच्या (पालिकेच्या सफाई चौकीवरच्या) मुकादमापर्यंत पोचेल, त्याला नोटीस निघेल आणि विषय संपेल. दोष त्याचा नाही.

फेब्रुवारीपासून आमच्याकडे पानगळ सुरू होते. बदाम, पिंपळ, करंज, पर्जन्यवृक्ष. पाठोपाठ पावसाळ्यापूर्वीची छाटणी. घंटागाडीवाले पालापाचोळ्याची पोती घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. ती गाडी घरातल्या ओल्या-सुक्या कचऱ्याची. बागेच्या कचऱ्यासाठी वेगळा टेम्पो आहे. तो सोमवारी येतो, असं कोठीवर सांगतात. सोमवार येतो, टेम्पो येत नाही. चौकशी केली तर गाडी दुरुस्तीला गेलेली असते, नाहीतर ठेका संपलेला असतो. ॲपवर तक्रार नोंदवली की दुसऱ्या दिवशी ‘तक्रारीचे निराकरण झाले आहे’ असा संदेश येतो. पोती फाटकाशी तशीच. एका पोत्यामागे मांजरीने पिल्लं घातली, तेवढाच काय तो उपयोग.

घनकचरा विभाग म्हणतो, फांद्या उद्यान विभागाच्या. उद्यान विभाग म्हणतो, खासगी आवारातलं आम्ही उचलत नाही. पण त्याच खासगी आवारातलं झाड तोडायचं तर १९७५ च्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. झाड उभं असेपर्यंत त्याच्यावर सरकारचं लक्ष. आडवं झालं की ते कोणाचंच नाही.

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत याची तरतूद होती. नागरिकाने बागेचा कचरा आपल्या आवारात वेगळा साठवावा आणि स्थानिक संस्थेच्या निर्देशांप्रमाणे त्याची विल्हेवाट लावावी. आम्ही साठवतोच आहोत, साहेब. निर्देश कुठे आहेत? स्थानिक संस्थेने हा कचरा वेगळा गोळा करावा आणि शक्यतो बागांमध्येच त्यावर प्रक्रिया करावी, असंही त्याच नियमांत होतं. आमच्या प्रभागातल्या बागेत खतासाठी बांधलेले हौद आहेत. त्यांत सध्या मोडकी बाकडी ठेवली आहेत.

‘घरीच खत करा’ हा सल्ला अधिकारी हमखास देतात. पानांपुरता तो खराही आहे. ओलावा राखला, अधूनमधून शेण किंवा आंबट ताक घातलं तर काही महिन्यांत ढीग बसतो. पण नारळाच्या झावळ्यांचं काय करायचं? मनगटाएवढ्या फांद्यांचं? त्या बारीक करायला यंत्र लागतं, आणि ते बंगलेवाल्यालाही परवडत नाही, मग वाहन लावायलाच जागा नसलेल्या सोसायटीने काय करावं!

मग व्हायचं तेच होतं. पहाटे कोणीतरी काडी लावतं. कधी वॉचमन, कधी माळी, कधी झाडलोट करणारेच. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई करून ५,००० रुपये दंड ठरवला. तो दंड भरेल वॉचमन, ज्याला ‘हे उद्यापर्यंत इथून हलव’ एवढंच सांगितलेलं असतं. जे जळत नाही ते जूनमध्ये पावसाळी गटारांच्या जाळ्यांवर जाऊन बसतं, आणि मग तुंबलेलं पाणी उपसायला पंप लावले जातात. त्या पंपांची निविदा मात्र वेळेवर निघते.

सेवाशुल्काला आमची हरकत नाही. टेम्पो रोज यावा असंही नाही. पंधरा दिवसांनी येऊ द्या, पण ठरल्या दिवशी येऊ द्या. प्रभागवार वार-तारखा जानेवारीतच कोठीवर लावाव्यात, आणि खासगी आवारातल्या फांद्या कोणत्या विभागाने उचलायच्या हे आपल्या खात्याने एकदा लेखी ठरवून द्यावं. तक्रारदाराने होकार दिल्याशिवाय तक्रार बंद करता येऊ नये.

आणखी एक. आमच्याकडे या टेम्पोचा ठेका आर्थिक वर्षाबरोबर ३१ मार्चला संपतो, म्हणजे ऐन पानगळीत. नवा ठेकेदार येईपर्यंत वळवाचा पाऊस येऊन जातो. ही मुदत दिवाळीच्या सुमारास संपेल असा बदल करायला निधी लागणार नाही. आपली एक सही पुरेल.

आपली,
एक करदाती नागरिक