जिना उघडा पडलाय

कॉव्हेंट्री,
9 फेब्रुवारी

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, "अगं, जिन्याला काय झालंय तुमच्या? सोललाय का त्याला?" तेव्हा कडेवरचा भोंगा चालू होता, त्यामुळे नीट सांगता आलं नाही. आणि बाबांना फोनवर अर्धंच ऐकू येतं. म्हणून हे पत्र. बाबा, तुमच्याशी जरा सुतारकामाचंच बोलायचंय.

सोललाच आहे तो. घर घेतलं तेव्हापासून जिन्यावर बदामी रंगाचं कार्पेट होतं. पॉलिप्रॉपिलीनचं, म्हणजे आपल्याकडे प्लॅस्टिकच्या चटया मिळतात त्याच कुळातलं. डाग पडला तर लगेच निघतो, पण एकदा दबलं की दबलं, पुन्हा उठत नाही. प्रत्येक पायरीच्या मधोमध काळपट, चप्पट पट्टा झाला होता. दिवाळीनंतर सातव्या पायरीची धार फाटली, तिच्यात माझी टाच अडकली आणि मी कपड्यांच्या टोपलीसकट बसत बसत खाली आले. लागलं नाही, आई. पण त्याच रविवारी ह्यांनी पक्कड घेऊन सगळं उचकटून काढलं. खालच्या फोमचा नुसता भुगा झाला होता. कडेला खिळे वर केलेल्या लाकडी पट्ट्या होत्या. कार्पेट ताणून त्याच खिळ्यांत अडकवतात. त्या काढताना ह्यांचे दोन्ही अंगठे रक्ताळले.

आणि खाली काय निघालं, तर 1930 च्या सुमाराचा पाइनचा जिना. दोन्ही कडांना गडद तपकिरी रंग आणि मधे कोरं लाकूड, तेलरंगाचा थेंबही नाही. थेट भांग पाडल्यासारखा! त्या काळी इथे जिन्याच्या मधूनच दोन-अडीच फुटांचा पट्टा टाकायचे. तो प्रत्येक पायरीच्या कोपऱ्यात पितळी दांडीने धरून ठेवायचे आणि दिसणाऱ्या कडा तेवढ्या रंगवायचे. दांड्यांच्या स्क्रूची भोकं अजून आहेत.

बाबा, ते लाकूड बघून तुमच्या लेकीला काय वाटलं असेल ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. रंधा मारावा, पॉलिश करावं, वाड्यातल्या जिन्यासारखा उघडा ठेवावा. पंधरा दिवस मी त्याच हट्टावर होते. पहिली अडचण रंगाची. इतक्या जुन्या रंगात शिसं असू शकतं, आणि घरात दोन वर्षांचं रांगतं-चाटतं पोर असताना तो घासून धूळ उडवायची माझी छाती झाली नाही. दुसरी अडचण अशी की जिना शेजाऱ्यांच्या भिंतीला लागून आहे. पलीकडे ऐंशीच्या पुढच्या आजी राहतात. उघड्या लाकडावर हे सकाळी पाचला कामाला निघाले की त्यांच्या घरात ढोल वाजतो. त्या बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत, फक्त एकदा विचारलं, "तुम्ही नवे बूट घेतले का?" तिसरी अडचण म्हणजे मी पायमोजे घालून पुन्हा एकदा घसरले. ते आईला आत्ताच कळतंय.

मग एक माणूस ओकची फळी चढवण्याचा भाव द्यायला आला. जुन्या पायरीवर पंधरा मिलिमीटरची नवी फळी चिकटवायची, पुढे गोल धार द्यायची. नमुना इतका देखणा होता की काय सांगू. भाव दोन हजार पौंडांच्या वर, पण नडलं दुसरंच. सगळ्या पायऱ्या पंधरा मिलिमीटरने वर आल्या की मधल्या पायऱ्यांचं अंतर तेच राहतं. पण खालची जमीन आणि वरचा मजला जागचे हलत नाहीत. म्हणजे पहिली पायरी तेवढी उंच होणार आणि शेवटची तेवढी ठेंगणी. मी हे त्याला विचारलं तर म्हणतो, अर्धा इंच कोणाला कळतो! मला आपल्या वाड्यातली चौथी पायरी आठवली. आपण सगळे डोळे मिटून चढायचो, पण नवा पाहुणा बरोब्बर तिथेच धडपडायचा आणि आजी आतूनच ओरडायची, "दोर धरा, दोर!" पायाला जिन्याची उंची पाठ होते, डोळ्यांना नाही. मे महिन्यात आई येणार, तिच्या गुडघ्यांना मी नवी चौथी पायरी कशाला देऊ? लॅमिनेटही त्याच कारणाने बाद, आणि त्याच्या धारेला ती ॲल्युमिनियमची पट्टी लावतात ती मला बसस्टँडच्या जिन्यासारखी वाटते.

मधेच एक मैत्रीण म्हणाली सिसल लाव, मजबूत असतं. नमुना हातात घेतला आणि हसूच आलं. बाबा, सिसल म्हणजे आपल्या घायपाताचाच भाऊबंद! त्याच जातीच्या पानांचा वाख. मजबूत खराच, त्याचे दोर वळतात म्हटल्यावर आणखी काय सांगायचं. पण त्यावर पाणी सांडलं की डाग राहतो, आणि झिजून गुळगुळीत झालं की पाय सरकतो. शिवाय अनवाणी पायांना काथ्याच्या पायपुसण्यासारखं टोचतं. इथले लोक बूट घालून वर जातात, त्यांचं ठीक आहे.

शेवटी लोकरीवर आले. ऐंशी टक्के लोकर आणि वीस टक्के नायलॉन, इथे ह्याला नुसतं एटी-ट्वेंटी म्हणतात. लोकर दबली तरी पुन्हा उठते, नायलॉन झीज सोसतं. पण दोन दुकानं हिंडल्यावर कळलं की लोकर आहे एवढ्यावर काही ठरत नाही, विणीची दाटी बघावी लागते. नमुन्याचा तुकडा घ्यायचा आणि पायरीच्या धारेवर वाकवायचा तसा उलटा वाकवायचा. मधून खालचं कापड दिसलं की ते जिन्याला नालायक. इथले कारागीर त्याला 'ग्रिन' करणं म्हणतात, म्हणजे कार्पेट दात विचकतं. महागातली महाग दोन कार्पेटं माझ्यासमोर दात विचकून बसली, आणि त्याहून स्वस्त, बुटक्या पण दाट लोकरीचं एक तोंड मिटून राहिलं. तेच घेतलं. फंदाचं, म्हणजे धाग्यांचे छोटे छोटे वेढे असलेलं, नको म्हटलं. पोराच्या गाडीच्या चाकात एक वेढा अडकला की अख्खी ओळ उसवत जाते.

आता आईची शंका मला इथूनच ऐकू येतेय, हळदीचं काय? खरंय. लोकर हळद अशी पिते की जणू रंगवायलाच दिली होती. हळदीचा डाग उन्हात उडतो, पण आमच्या जिन्यावर ऊन जूनमध्येसुद्धा येत नाही. म्हणून रंग निवडला तो मेथीदाण्याच्या जवळ जाणारा, त्यात करडे-तपकिरी ठिपके. शिवाय घरात फतवा निघालाय की आमटीचं ताट घेऊन कोणीही वर जायचं नाही. कसरीसाठी कडुलिंबाचा पाला पाठवू नकोस, विमानतळावर काढून घेतील.

एक गंमत सांगायची राहिली. इथून तासाभरावर किडरमिन्स्टर नावाचं गाव आहे, अठराव्या शतकापासून कार्पेट विणणारं. कार्पेटवाल्यांचं इचलकरंजी म्हणा ना. तिथे कार्पेटचं संग्रहालय आहे, माग चालवून दाखवतात. त्या खडखडाटात पोरगं चक्क झोपलं. तिथल्या एका वयस्कर बाईंशी बोलत होते. त्या म्हणाल्या, आमच्या लहानपणी आई जिन्याचा पट्टा लागतो त्यापेक्षा फूट-दीड फूट जास्त घ्यायची आणि जास्तीचा भाग टोकाला दुमडून ठेवायची. वर्षातून एकदा दांड्या काढून अख्खा पट्टा दोन-तीन इंच सरकवायचा, की धारेवर झिजलेला भाग मागे जातो आणि नवा भाग धारेवर येतो. आई, तू बाबांच्या शर्टांच्या कॉलरी उसवून उलट्या शिवायचीस ना, अगदी तेच! मी त्यांना ते सांगितलं तर त्या म्हणाल्या, आमचीही शिवायची.

मी ती युक्ती उचलली आहे. तेरापैकी वरच्या तीन पायऱ्या वळणावर पंख्यासारख्या आहेत, तिथे काही सरकवता येणार नाही. पण खालच्या दहा सरळ आहेत. एका पायरीला बावीस सेंटिमीटर खोली, वीस उंची आणि धारेच्या वळशाचे तीन, असे दहा पायऱ्यांचे साडेचार मीटर होतात. मी पाच मागितलं. बसवणारा कपाळाला आठ्या घालून म्हणाला, असं आता कोणी करत नाही. मी म्हटलं, पैसे मी देतेय. लोकरीची लव खालच्या दिशेला हवी हे मात्र त्यानेच शिकवलं. वरून खाली हात फिरवला तर मांजराच्या पाठीसारखा गुळगुळीत जायला हवा. अंडरले, म्हणजे कार्पेटखालचा फोमसारखा थर, तोही त्याने पातळ आणि टणक दिला. मऊ दिला तर धारेवर कार्पेट रोज वाकत राहतं आणि लवकर जातं. सगळं मिळून, मजुरी धरून, साडेसहाशे पौंड.

गुरुवारी बसवायला येतोय. त्याआधी करकर काढायची आहे. नवव्या आणि अकराव्या पायरीवर पाय ठेवला की पोरगं जागं होतं. जिन्याखालच्या कपाटात टॉर्च घेऊन शिरले तर पायऱ्या दोन्ही बाजूंच्या फळ्यांत खाचा करून बसवलेल्या, आणि त्या खाचांत लाकडी पाचरी ठोकलेल्या! नव्वद वर्षांत दोन-तीन सुकून सैल झाल्यात, एक तर हातात आली. ह्यांचं म्हणणं, वरून स्क्रू मारू. मी म्हटलं, थांबा, बाबांना विचारते. सोबत त्या पाचरीचं चित्र काढून माप लिहिलंय. तीच सरस लावून पुन्हा ठोकू की नवी तासू? पत्र पोचेपर्यंत गुरुवार उलटून जाईल, म्हणून फोटोही धाकट्याच्या मोबाइलवर पाठवलाय. त्याला चष्मा आणून द्यायला सांगा आणि मगच उत्तर द्या.

भिंतीच्या बाजूने दुसरा कठडाही लावून घेतलाय, म्हणजे आईला दोन्ही हातांनी धरता येईल. खोली वरची दिली तरी चालेल ना, की खालचा सोफा मोकळा करू, ते आईने खरं खरं सांगावं.

बाबा, येताना तुमची ती अर्ध्या इंची पटाशी आणाल? इथली पोलादाची धार टिकत नाही. हातातल्या पिशवीत नका ठेवू, मोठ्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून ठेवा.

तुमची,
ताई