गावाकडच्या टेलिफोनची नोंद कोण ठेवणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत लँडलाइनच्या दिवसांवर आलेला लेख आवडीने वाचला. एसटीडी बूथचे पिवळे फलक, रात्री उशिरा दर उतरल्यावर लागणाऱ्या रांगा, मीटरवर डोळा ठेवून आटोपते घेतलेले बोलणे, हे सारे इंदूरच्या राजवाड्याच्या आसपास आम्हीही पाहिले आहे. मात्र त्या लेखातला टेलिफोन सर्वस्वी शहरातला आहे. इंदूर, देवास, धार या जिल्ह्यांच्या खेड्यांत होळकर-पवारांच्या अमदानीपासून स्थिरावलेली जी मराठी घरे होती, त्यांपैकी काहींच्या ओसरीवर बूथ येण्याच्या कितीतरी आधी फोन वाजत असे आणि त्याची सारी रीतच निराळी होती. तिच्याविषयी चार गोष्टी लिहाव्यात, म्हणून हे पत्र.

सांवेर तहसिलीतल्या आमच्या गावी वडील डॉक्टर होते. डॉक्टरांना जोडणीत प्राधान्य मिळे, म्हणून आमच्याकडे फोन तसा लवकर आला. गावातल्या इतरांनी अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहिली. यंत्र काळे आणि वजनदार होते, त्याला डायल नव्हती. कडेला एक हँडल होते आणि भिंतीवरच्या लाकडी पेटीत दोन जाडजूड सेल बसवलेले होते. हँडल फिरवले की एक्स्चेंजमधल्या बोर्डावर आमच्या नंबराची छोटी झडप पडे, मग ऑपरेटर त्या जागी पिन खोचून कोण हवे ते विचारी आणि दुसरी पिन समोरच्याच्या खाचेत खोचून घंटी वाजवी. बोलणे संपल्यावर पुन्हा हँडल फिरवून त्याला तसे कळवावे लागे. ते राहून गेले तर लाइन अडकून पडे, आणि थोड्या वेळाने तोच मध्ये येऊन "हो गई बात, साब?" असे विचारी. आमचा नंबर दोन आकडी होता, पण तो कोणी सांगत नसे. "डॉक्टरसाब के यहाँ लगाओ" एवढे पुरेसे होते.

या ऑपरेटरविषयी कोणी लिहीत नाही, याचे मला फार वाईट वाटते. वडील घरी नसताना तातडीचा फोन आला, तर आमची घंटी वाजवत बसण्याऐवजी तो थेट सांगे की डॉक्टर आत्ता पटवाऱ्यांकडे गेले आहेत, तिकडे जोडतो. छावणीच्या मंडीतला भाव घेण्यासाठी व्यापाऱ्याने सकाळी इंदूरची लाइन मागितली असेल आणि मध्येच कोणाच्या बाळंतपणाचा फोन आला, तर आधी कोणाला जोडायचे हे त्याला नियम पाहून ठरवावे लागत नसे. अर्थात तो सगळ्यांचे ऐकत असे, हेही तितकेच खरे. कोणाचे लग्न मोडले, कोणाची जमीन सावकाराकडे गेली, हे त्याला गावाच्या आधी कळे. त्यातले किती त्याने पोटात ठेवले आणि किती चहाच्या टपरीवर सांडले, याचा हिशेब आता कोण देणार? माझ्या मते, एकंदरीत त्याने बरेच पोटात ठेवले.

ट्रंक कॉल, म्हणजे ऑपरेटरकरवी परगावी लावायचा फोन, हा तर दिवसभराचा उद्योग असे. पुण्याला बोलायचे म्हणजे सकाळी नंबर नोंदवायचा आणि फोनपासून हलायचे नाही. गावचा ऑपरेटर इंदूर गाठणार, इंदूर पुढे पुण्याची लाइन मागणार आणि ती संध्याकाळपर्यंत मिळेलच याची खात्री कोणी देत नसे. अर्जंट कॉलला दुप्पट पैसे पडत. लाइटनिंग कॉलचा दर त्याहून कितीतरी चढा, त्यामुळे तो कोणी मागितला की घरातल्यांच्या पोटात गोळाच येई. मोजणी तीन मिनिटांची असे. तेवढ्यात वेळ संपल्याचा आवाज मध्ये येई आणि घाईघाईने "हो, हो, वाढवा" म्हणेपर्यंत मुद्द्याचे वाक्य राहून जाई.

घरात फोन असणे म्हणजे अर्ध्या गावाचे निरोपे होणे. लग्नपत्रिकांवर आणि दुकानांच्या पावत्यांवर आमचा नंबर छापलेला असे आणि पुढे 'पी. पी.' ही दोन अक्षरे, म्हणजे फोन दुसऱ्याच्या घरचा, माणसाला बोलावून घ्यावे लागेल. फोन आला की आम्हा मुलांपैकी कोणीतरी "काकासाब, फोन आयो है!" असे ओरडत धावत सुटे, आणि पलीकडचा माणूस बिल वाढत असताना थांबून राही. फोनशेजारी दोऱ्याने बांधलेली पेन्सिल आणि एक वही असे. तिच्यात कोण बोलले, कोठे बोलले आणि पैसे दिले की उधार, हे आईच्या अक्षरात नोंदवलेले असे. उधारी फारशी वसूल होत नसे. त्याबद्दल तिने वडिलांना पुष्कळ ऐकवले, पण गावातल्या कोणाला एका शब्दानेही ऐकवले नाही.

या व्यवस्थेत सर्वांत अडचण झाली ती सुनांची. नाशिक-पुण्याहून माळव्यातल्या खेड्यात लग्न होऊन आलेल्या मुलीला माहेरचा फोन आला की ओसरीवर सासरे, दीर, वडिलांचे रोगी आणि दाराशी उभे असलेले दोन-चार आगंतुक, असा सगळा दरबार हजर. लाइन इतकी क्षीण असे की ओरडून बोलल्याखेरीज पलीकडे ऐकू जात नसे. त्यामुळे "मी मजेत आहे" याखेरीज ती बोलणार तरी काय? माझ्या एका काकूने तिच्या आईशी आधीच ठरवून ठेवले होते: काकूने लोणचे पोचले का असे विचारले, तर आईने भावाला तिला न्यायला पाठवायचे. लोणच्याची चौकशी झाली की चार दिवसांत तिचा भाऊ दारात हजर होई, आणि हा योगायोग कसा जुळतो हे आजीला शेवटपर्यंत उमगले नाही. जुन्या फोनमुळे माणसे जवळ होती असे जे सरसकट म्हटले जाते, ते मला याच कारणाने पुरते पटत नाही. ती जवळ होती खरी, पण पुष्कळदा फारच जवळ होती.

लाइनमनचे काम पावसाळ्यात पाहण्यासारखे असे. खांबांवरच्या उघड्या तारा वाऱ्याने एकमेकींत गुंतत, बाभळीच्या फांद्यांत अडकत, तांब्याची तार चोरीलाही जाई. काळ्या मातीच्या चिखलात सायकल चालेनाशी झाली की हा माणूस ती खांद्यावर घेऊन नाला ओलांडे. मग खांबावर चढून चिनी मातीच्या पांढऱ्या इन्सुलेटरपाशी तार नव्याने बांधे, कमरेचा रिसीव्हर जोडून वरूनच ऑपरेटरशी बोले आणि खाली उतरल्यावर आमच्याकडे चहा घेऊन पुढच्या खांबाकडे जाई.

पुढे सारे बदलले. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने खेड्यांसाठी लहान स्वयंचलित एक्स्चेंज तयार केले. त्याला वातानुकूलित खोली लागत नसे, धूळ आणि उन्हाळा ते सोसत असे. पहिले १९८६ साली कर्नाटकात कित्तूरला बसले. आमच्याकडे ते यायला आणखी काही वर्षे गेली. त्यानंतर डायलचा फोन आला, आणि चोरून कोणी बोलू नये म्हणून डायलच्या भोकात अडकवायचे छोटे कुलूपही आले. कुलूप असतानाही रिसीव्हर ठेवायची क्रेडल टकटक दाबून नंबर लावण्याची विद्या माझ्या धाकट्या भावाला आठवडाभरात अवगत झाली. सुनांना मात्र या यंत्राने मोठे सुख दिले, कारण दुपारी ओसरी रिकामी असताना माहेरी थेट फोन लावता येऊ लागला.

आता गावात लँडलाइन उरलेली नाही. जानेवारी २०२० मध्ये बीएसएनएलच्या सुमारे ७८ हजार कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. उघड्या तारा आणि हँडलचे फोन हाताळलेल्यांतले बहुतेक त्याच्याही आधी निवृत्त झाले, आणि जे हयात आहेत ते ऐंशीच्या घरात असावेत. मोठ्या शहरांच्या एक्स्चेंजचा इतिहास सरकारी कागदांत सापडतो. दहा-वीस जोडण्यांच्या खेड्यातल्या बोर्डाचा कोठेही सापडत नाही.

म्हणून एक विनंती. आपल्या अंकात काही आठवडे एक लहान सदर चालवून माळव्यातल्या अशा जुन्या ऑपरेटरांच्या, लाइनमनांच्या आणि ज्यांच्या घरी गावाचा फोन होता त्या कुटुंबांच्या आठवणी मागवाव्यात, आणि त्या लेखी पाठवणे ज्यांना जमणार नाही त्यांच्याकडे वार्ताहर पाठवावा. ज्या वाचकांकडे जिल्ह्याच्या जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या, बिले किंवा अशा वह्या असतील, त्यांनी त्या रद्दीत घालण्यापूर्वी कार्यालयाला कळवावे, असे निवेदनही सोबत छापावे. आईची वही माझ्याकडे आहे, ती मी आणून देईन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक जुनी वाचक
रामबाग, इंदूर