क्रीम घालायच्या आधी गॅस मंद करा

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

क्रीमच्या दाट रश्शातलं चिकन कसं करायचं ते सविस्तर लिहून पाठव, असं तुम्ही म्हणाला होतात. बाबा, गॅसपाशी तुम्ही उभे राहायचं आहे आणि हा पदार्थ पहिल्यांदाच करणाऱ्याला जमेल असाच आहे. आई, तू शेजारी खुर्चीवर बसून चव बघ. मीठ किती ते तुझ्याइतकं कुणाला कळणार?

चिकन आणताना मांडीचं, बिनहाडाचं मागा. ५०० ग्रॅम तुम्हा दोघांना दोन वेळांना पुरेल. छातीचा भाग दिसायला छान, पण त्यात चरबी कमी असते. दोन-चार मिनिटं जास्त शिजला तरी तो कोरडा आणि चिवट होतो. मांडीचा तुकडा थोडा जास्त शिजला तर उलट मऊ होतो, कारण त्यातल्या चिवट ऊती हळूहळू विरघळतात. दातांना त्रास नको म्हणून हेच बरं. गोठवलेलं असेल तर रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ताटलीत ठेवून सुटं होऊ द्या, ओट्यावर नको.

बाकी साहित्य असं: एक मध्यम कांदा, चार-पाच लसूण पाकळ्या, एक मोठा चमचा तेल, एक मोठा चमचा लोणी, एक सपाट मोठा चमचा मैदा, २५० मिली गरम पाणी किंवा बिनमिठाचा चिकनचा स्टॉक (चिकनची हाडं उकळून गाळलेलं पाणी), १२० मिली क्रीम, मीठ, मिरपूड, चिमूटभर जायफळ आणि लिंबू. मोठा चमचा म्हणजे १५ मिली आणि लहान म्हणजे ५ मिली.

कांदा-लसूण आधी बारीक चिरून घ्या, चिकन नंतर कापा. म्हणजे कच्च्या चिकनची सुरी किंवा पाट दुसऱ्या कशाला लागत नाही. चिकन नळाखाली धुऊ नका. धुतल्याने जंतू जात नाहीत, शिंतोड्यांबरोबर ओटाभर पसरतात. ते मरतात शिजवल्यावरच. कागदी रुमालाने तुकडे टिपून अगदी कोरडे करा, साधारण ४ सेंटिमीटरचे कापा आणि अर्धा लहान चमचा मीठ व थोडी मिरपूड चोळून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. शिजवण्याआधी पाणी सुटलेलं दिसलं तर पुन्हा टिपा. मग पाट, सुरी आणि हात साबणाने धुवा.

आता परतणं. इथे घाई केली तर पुढे रश्शाला चव येत नाही. जाड बुडाचं पसरट पातेलं घ्या. नुसतं लोणी जास्त आचेवर करपतं म्हणून आधी तेल तापवा आणि त्यात निम्मं लोणी घाला. मध्यम आचेवर लोण्याचा फेस बसला की तुकडे एकमेकांना न चिकटता मांडा. मावत नसतील तर दोन घाण्यांत करा. गर्दी झाली की चिकनला सुटलेलं पाणी उडून जायला जागा राहत नाही, मग तुकडे परतले न जाता पाण्यात उकडतात आणि पांढरेच राहतात. मांडल्यावर तीन-चार मिनिटं हात लावायचा नाही. सुरुवातीला तुकडा बुडाला चिकटलेला वाटेल, पण खालून बदामी झाला की आपोआप सुटतो. सुटत नसेल तर तो अजून झालेला नाही, उलथन्याने खरवडू नका. उलटून दोन मिनिटं परता आणि ताटलीत काढा. आतून कच्चं असेल, चालेल. पण अजून चाखायचं नाही.

पातेल्याच्या बुडाला जो तांबूस थर राहतो तो घासून टाकू नका. रश्शाची निम्मी चव तिथेच असते. मात्र तो काळा झाला असेल तर पातेलं धुऊन घ्या, कारण करपलेला कडवटपणा क्रीमने झाकत नाही.

आच कमी करून उरलेलं लोणी आणि कांदा घाला. कांदा सात-आठ मिनिटांत पारदर्शक आणि मऊ होईल, लाल करायचा नाही. मग लसूण, अर्धाच मिनिट. वरून मैदा भुरभुरवा आणि एक मिनिट सतत हलवत परता, म्हणजे कच्चट वास जातो. गरम पाणी एकदम ओतू नका. आधी पाव कप घालून घोटा, गुळगुळीत झालं की पुढचं. मैदा थेट गरम पाण्यात टाकला तर त्याची बाहेरची बाजू लगेच शिजते, आतलं पीठ कोरडंच राहतं आणि गुठळ्या होतात. झाल्याच तर रस्सा गाळून घ्या. पाणी घालतानाच लाकडी उलथन्याने बुडाचा थर सोडवत जा.

चिकन आणि ताटलीत साचलेला रस परत पातेल्यात घाला. झाकण ठेवून मंद आचेवर १२ ते १५ मिनिटं. झाकण उघडताना स्वतःपासून पलीकडे कलवा, वाफेने हात पोळतो. सगळ्यात जाड तुकडा कापून बघा: आत गुलाबी, कच्चं मांस दिसता कामा नये आणि निघणारा रस स्वच्छ हवा. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मधोमध ७४ अंश सेल्सिअस आलेच पाहिजेत. तुमच्या वयात अन्नातून झालेली बाधा जड जाते, म्हणून इथे अंदाजावर जाऊ नका.

क्रीम घालण्याआधीच रस्सा हवा तेवढा आटवा, कारण नंतर उकळता येत नाही. मग गॅस अगदी मंद. क्रीम फ्रिजमधून १५ मिनिटं आधी काढलेलं असू द्या. वाटीत घेऊन त्यात तीन-चार चमचे गरम रस्सा मिसळा आणि मग पातेल्यात ओता. दोन-तीन मिनिटं हलवत राहा, कडेला बारीक बुडबुडे आले तरी पुरे.

रस्सा फाटतो तो क्रीममधली प्रथिनं उष्णतेने आणि आंबटपणाने एकत्र गोळा होतात म्हणून. स्निग्धांश जास्त असेल तर हे टळतं, मैद्याचीही मदत होते. म्हणून पाकिटावर स्निग्धांश बघा: २५ टक्के चालेल, ३५ टक्के असेल तर निश्चिंत. कमी चरबीचं क्रीम किंवा नुसतं दूध पटकन फाटतं. लिंबाचा रस याच कारणाने सगळ्यात शेवटी, गॅस बंद करून, एकच लहान चमचा. जायफळही तेव्हाच.

तरीही दाणेदार झालाच तर टाकू नका, खायला काही अपाय नाही. गॅस बंद करा, दोन चमचे गार दुधात एक लहान चमचा कॉर्नफ्लोअर कालवून घाला आणि गॅस पुन्हा लावून मंद आचेवर दोन मिनिटं घोटा. बराचसा सांधला जातो. मिक्सरमध्ये फिरवायचा असेल तर आधी कोमट होऊ द्या; गरम रश्शाने झाकण उडतं.

रस्सा अंगाबरोबर हवा. चमचा बुडवून त्याच्या पाठीवर बोट फिरवलं की रेघ तशीच राहिली पाहिजे. गार झाल्यावर तो आणखी दाटतो, म्हणून किंचित सरसरीत असतानाच उतरवा.

आई, मीठ शेवटी चाख. बाबांचं ब्लडप्रेशर लक्षात घेता स्टॉकच्या तयार वड्या नकोतच, त्यात मीठ फार असतं. खारट झालंच तर बटाटा टाकून उपयोग नाही. थोडं पाणी आणि क्रीम वाढवा.

उरलेलं दोन तासांच्या आत उथळ डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. तीन दिवसांत संपवा. खायचं तेवढंच काढून, दोन चमचे दूध घालून, मंद आचेवर हलवत पूर्ण वाफाळेपर्यंत गरम करा. डीप फ्रीझरमध्ये ठेवायचं असेल तर क्रीम घालण्याआधीचा भाग ठेवा.

पहिल्यांदा कराल तेव्हा क्रीम घालण्याआधी मला फोन करा. पातेल्यातला रस्सा दाखवलात की पाणी वाढवायचं की आटवायचं ते सांगते.

तुमची लेक