ताई, तुम्ही माझ्या लेकीच्या वर्गात आलात म्हणून

ताई, फोनवर थँक्यू म्हटलं होतं पण तेवढ्याने समाधान झालं नाही, आणि चार लोकांनी हे वाचावं असंही वाटतं म्हणून इथे लिहितेय.

माझ्या लेकीला अ‍ॅलोपेशिया एरियाटा आहे, आपण चाई पडणं म्हणतो ते. आधी डोक्यावर नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा, मग अजून दोन, मग भुवया पण गेल्या. त्यात लोकांचे प्रश्न. तेल लावत नाही का, शाम्पू बदलला का, टेन्शन घेते का, आणि सगळ्यात वाईट म्हणजे, हे पसरतं का? एका मुलीला तर घरूनच सांगितलं होतं हिच्या शेजारी बसू नकोस.

तुम्ही स्कार्फ न बांधता वर्गासमोर उभ्या राहिलात आणि मुलांना कळेल असं सांगितलंत, की जंतूंशी लढणाऱ्या आपल्याच पेशी चुकून केसांच्या मुळांवर हल्ला करतात, कंगवा टोपी शेअर केली तरी हे कुणाला लागत नाही, मूळ मरत नाही म्हणून केस परत येऊही शकतात, कधी आधी पांढरे येतात, कधी येऊन पुन्हा जातात. शंभरातल्या साधारण दोघांना आयुष्यात कधीतरी होतं म्हटल्यावर पोरं लगेच शाळेतली मुलं मोजायला लागली! पापण्या नसल्या की डोळ्यात धूळ जाते, नाकातले केस गेले की नाक सारखं वाहतं, हे तर मलाही कुणी सांगितलं नव्हतं.

नंतर आम्हा पालकांशी बोललात तेही फार मोलाचं होतं. २०२२ मध्ये अमेरिकेत यावरच्या बॅरिसिटिनिब या औषधाला मोठ्यांसाठी मान्यता मिळाली, २०२३ मध्ये रिटलेसिटिनिबला १२ वर्षांपासून पुढे, पण गोळ्या बंद केल्यावर केस पुन्हा गळू शकतात हे तुम्ही लपवलं नाहीत. लेक अजून लहान आहे, काय करायचं ते स्किनच्या डॉक्टरांनाच विचारून ठरवू, पण खोटी आशा न देता कुणीतरी बोललं याचं खूप बरं वाटलं.

आता बाहेरच्या कुणी विचारलं की तिच्या मैत्रिणीच पुढे होऊन सांगतात, ती शेजारी न बसणारी पण. दर वेळी हिलाच समजावत बसावं लागत नाही, ती आपली खेळत असते. ताई, हे तुमच्यामुळे झालं.

सप्टेंबरमध्ये, या आजाराच्या जागृतीच्या महिन्यात, दुसऱ्या शाळेत जाणार असाल तर मला नक्की सांगा. लेक म्हणतेय मी पण येते, मला पण बोलायचंय.

तुमची,
एक आई