गिअरबॉक्स उघडू नकोस

रामबाग, इंदूर
रविवार सकाळ

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू सहज बोलून गेलास, "गाडी पार्किंगमधून डी (ड्राइव्ह) वर टाकली की ठक्क करते, गिअरबॉक्स उघडायला सांगितलाय." मला हसावं की तुला शिव्या घालाव्यात तेच कळेना. गॅरेजवाल्याला थांबव आणि आधी हे वाच.

बाबांची गाडी तुला माहीत आहे. २००४ ची ऑटोमॅटिक, ताकद मागच्या चाकांना. दिवाळीत महेश्वरहून येताना जाम घाट चढून वर आलो आणि मागून कोणीतरी कण्हतंय असं वाटायला लागलं. साठच्या पुढे सुरू, पन्नासच्या खाली गप्प. मी टायरवर ढकललं. ही म्हणाली, "टायर असा सूर धरत नाही." गाण्याच्या परीक्षा दिलेल्या बाईशी कोण वाद घालणार!

इथल्या एका चकचकीत वर्कशॉपने गाडी वर न उचलताच गिअरबॉक्स गेल्याचं सांगितलं. दीड लाख. ऑटोमॅटिक म्हटलं की सगळी पापं गिअरबॉक्सच्या माथी! ए.टी.एफ., म्हणजे गिअरबॉक्सचं तेल, मी स्वतः पाहिलं होतं, लालबुंद, जळकट वास अजिबात नाही. तरी दोन रात्री झोप नव्हती.

मग देवास नाक्याजवळच्या उस्तादांकडे गेलो. शेजारी पीथमपूरला ११.३ किलोमीटरचा टेस्ट ट्रॅक आहे म्हणे. आम्ही बायपासवर भागवलं. मोकळ्या रस्त्यावर सत्तरला त्यांनी क्षणभर न्यूट्रल केलं. इंजिन चालूच, ते बंद करायचं नाही, ऑटोमॅटिकचा तेलपंप त्याच्यावर चालतो. आवाज तसाच, म्हणजे इंजिनचा नव्हे. गाडी हलकेच डावी-उजवीकडे झुलवली, तरी फरक नाही, म्हणजे चाकाचं बेअरिंगही नव्हे. परत डी मध्ये घेऊन अॅक्सिलरेटर दाबला, मग सोडला, आणि दर वेळी सूर बदलला. उस्ताद म्हणाले, "भिया, गियरबॉक्स को क्यों बदनाम कर रिये हो?"

गाडी वर घेतली. गिअरबॉक्सकडून मागे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (सांधे) ठणठणीत. डिफरन्शियलच्या, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या भागाच्या, तोंडाशी ऑइल सील पाझरून चिखल साचलेला. तिथला फ्लँज, म्हणजे शाफ्ट जोडायची चकती, धरून वर-खाली हलवला तर हलला! तो गोल फिरावा, पण वर-खाली केसभरही हलता कामा नये. तेल काढलं तर निम्मंच, काळं, आणि ड्रेन प्लगच्या चुंबकावर बारीक भुकटीऐवजी नखाएवढे चकचकीत पापुद्रे. सील गळलं, तेल उतरलं, पिनियनचं (शाफ्टने फिरणाऱ्या छोट्या गिअरचं) बेअरिंग कोरडं पडून खडबडीत झालं, पिनियन डगमगायला लागला आणि त्याने क्राउनचे, म्हणजे तो फिरवतो त्या मोठ्या गिअरचे, दात खाल्ले. तुझ्या डोक्यात बसलेला 'ठक्क' तोच. दातांमधला प्ले, म्हणजे मोकळी फट, आमच्याकडे ०.४२ मिलिमीटर निघाला. गाडीच्या पुस्तकात ०.१३ ते ०.१८ दिलाय.

क्राउन-पिनियन ही जोडी. कारखान्यात एकमेकांवर घासून बसवलेली असते, म्हणून एकच बदलून चालत नाही. आणि दात मोजून घे. आमचे ४१ आणि ११. सियागंजच्या दुकानदाराने आधी ४३-११ ची पुढे केली, "एक ही बात है" म्हणत. एक बात कशी असेल? बरोबर जोडी यायला अकरा दिवस गेले.

पण खरी मजा बसवताना. उस्तादांनी तेलात शेंदूर कालवला, हो, मारुतीला लावतात तसाच, आणि क्राउनच्या चार-पाच दातांना ब्रशने फासला. चाक हाताने रोखून धरत पिनियन फिरवला. दातांवर पिनियनचा ठसा उमटला, तोही पार टोकाशी. पिनियन बाहेर राहिलाय, म्हणाले, मागे जाड शिम (मापाची चकती) हवी. दर वेळी बेअरिंग प्रेसवर काढायचं तर नव्याची वाट लागते. म्हणून त्यांनी एका जुन्या बेअरिंगचं आतलं भोक घासून सैल करून ठेवलंय, मापं घेण्यापुरतं ते वापरतात. तिसऱ्या खेपेला ठसा दाताच्या मधोमध आला, अंडाकृती, कडांपासून सुटा. तेव्हा कुठे नवं बेअरिंग, नवं सील, दोन बेअरिंगांमधला नवा स्पेसर. तो एकदाच दबतो, म्हणून नट कसायचं काम आधी चहा पिऊन मग शांतपणे केलं. शेवटी प्ले ०.१५.

तेल ८०डब्ल्यू-९०, पण जी.एल.-५ प्रतीचंच घे. हे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घसरतातही. साधं तेल त्या दाबाखाली टिकत नाही. उघडलंस की गंधकासारखा वास येईल, घाबरू नकोस.

आता ठक्क नाही. पहिले पाचशे किलोमीटर सावकाश चालवायची होती, ती चालवली. ऐंशीला अजून बारीक गुणगुण आहे असं हिचं म्हणणं; उस्तादांना ऐकू येत नाही, मला कधी येते कधी नाही. पुढच्या शनिवारी आठशे होतील, तेव्हा तेल बदलून चुंबक बघायचाय. तोवर बडोद्याहून येऊन जा. गाडी घेऊनच ये, फ्लँज मी हलवून बघतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दादू