कलम १३ आणि कलम १७: टांझानियाच्या विधी मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय घटना व विधी व्यवहार मंत्री,
संयुक्त प्रजासत्ताक टांझानिया, डोडोमा

दिनांक: २३ ऑक्टोबर २०२४

विषय: १९७१च्या विवाह कायद्यातील कलम १३ व कलम १७ यांची दुरुस्ती

महोदय,

पाच वर्षांपूर्वी आजच्याच तारखेला, २३ ऑक्टोबर २०१९ रोजी, आपल्या देशाच्या अपील न्यायालयाने ॲटर्नी जनरल यांचे अपील फेटाळले आणि मुलींच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या रेबेका ग्युमी यांच्या अर्जावर उच्च न्यायालयाने ८ जुलै २०१६ रोजी दिलेला निकाल कायम केला. मुलाच्या लग्नाचे किमान वय १८ आणि मुलीचे मात्र १५ ठरवणारी, आणि १८ वर्षांखालच्या मुलीच्या लग्नासाठी वडिलांची संमती पुरेशी मानणारी ही दोन कलमे घटनेशी विसंगत आहेत, म्हणून सरकारने ती एका वर्षात दुरुस्त करून दोघांसाठीही १८ हे वय निश्चित करावे, असा तो आदेश होता. ते वर्ष सरले आणि त्यानंतर आणखी चार वर्षे सरली. कायद्याच्या पुस्तकात कलमे आहेत तशीच आहेत.

मी भारताची नागरिक आहे, आपल्या देशाची मतदार नाही. दार-ए-सलाममध्ये काही वर्षे शाळेत शिकवले आणि आता पुण्यात कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवते, एवढाच माझा अधिकार. हे पत्र मी मराठीत लिहीत आहे, कारण या प्रश्नात आम्हा मराठी माणसांचाही एक जुना आणि अजून न मिटलेला हिशेब आहे. त्याकडे मी पुढे येतेच. पत्राची स्वाहिली प्रत आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्रपणे पाठवत आहे.

घरकामाला ठेवलेल्या मुलीला आपल्याकडे ‘दादा’ म्हणतात. मराठीत दादा म्हणजे थोरला भाऊ, स्वाहिलीत थोरली बहीण, आणि या शब्दावरूनच आमच्या शेजारच्या घरात काम करणाऱ्या मुलीशी माझी पहिली ओळख झाली. ती शिन्यांगा भागातली होती. सातवीची परीक्षा झाली, पण माध्यमिक शाळेसाठी तिची निवड झाली नाही, आणि त्याच हंगामात घरी महारीची, म्हणजे वराकडून वधूच्या घरी द्यायच्या गुरांची, बोलणी सुरू झाली. मावशीचा हात धरून ती शहरात निघून आली. पुढे दोन वर्षांनी गावाहून निरोप आला की धाकट्या बहिणीचे लग्न झाले. बहीण तेव्हा १५ वर्षांची होती. त्या निरोपात कुठेही काही बेकायदा घडल्याचा सूर नव्हता, आणि माझ्या मनात तेव्हापासून राहिलेली गोष्ट हीच आहे की तो सूर असण्याचे कारणही नव्हते, कारण जे घडले ते कायद्याच्या अक्षराप्रमाणेच घडले होते.

१९७१चा हा कायदा वाईट हेतूने झाला, असे मी अजिबात म्हणणार नाही. रूढी, इस्लामी, ख्रिस्ती आणि दिवाणी अशा चार वाटांनी चालणारे विवाह एका कायद्याखाली आणण्याचे धाडस त्या काळी फार थोड्या देशांनी केले होते. पतीने पत्नीला किंवा पत्नीने पतीला मारण्याचा कोणताही अधिकार नाही, हे त्याने स्पष्ट शब्दांत लिहिले. त्याच कायद्याचा अर्थ लावताना आपल्या अपील न्यायालयाने १९८३ साली बी हावा मोहम्मद यांच्या खटल्यात, बाईचे घरकाम हाही संसाराच्या मालमत्तेतला वाटा आहे, असे ठरवले. भारतातल्या घटस्फोटाच्या दाव्यांत आम्ही अजूनही या तत्त्वासाठी झगडतो, आणि मी हा निकाल वर्गात दरवर्षी अभिमानाने शिकवते. इतका विचार ज्यांनी केला, त्याच कायद्यात कलम १३ असावे, याचे म्हणून अधिक दुःख होते.

त्या कलमातला एक शब्द मी आपल्यापुढे ठेवते. मुलीने १५ वर्षे ‘दिसणारे’ वय गाठलेले असावे, असे कलम सांगते. जन्माचा दाखला नसलेल्या खेड्यांसाठी ही सोय केली असणार, हे समजते. पण अंगाने भरलेली, पाण्याचे हंडे वाहून खांदे रुंदावलेली तेरा वर्षांची मुलगी किती वर्षांची दिसते, हे ठरवणार कोण? ज्याला लग्न उरकायचे आहे तोच. त्यावर कहर म्हणजे, विशेष परिस्थितीत न्यायालय १४व्या वर्षीही परवानगी देऊ शकते. आणि कलम १७ची संमती आहे ती वडिलांची; वडील नसतील तर आईची, आणि दोघेही नसतील तर पालकाची. विवाह दोघांच्या मुक्त संमतीने व्हावा असे कलम १६ म्हणते, हे खरे. मात्र कोणताही करार करण्याचे वय जिला कायदा देत नाही, तिला जन्मभराच्या करारासाठी तेवढी मोकळीक आहे असे मानायचे, हे कोणत्या न्यायाने?

आपण म्हणाल, इतर कायदे आहेत. आहेतच. बालक म्हणजे १८ वर्षांखालची व्यक्ती, असे २००९च्या बालक कायद्याने सांगितले. २०१६मध्ये शिक्षण कायद्यात दुरुस्ती करून शाळकरी मुलीशी लग्न करणाऱ्याला ३० वर्षांच्या कैदेची तरतूद झाली. पण ही शिक्षा शाळेच्या पटावर नाव असलेल्या मुलीचे रक्षण करते. सातवीनंतर जिची निवड झाली नाही, जिचे नाव पटावरून गळले, ती नेमकी त्या वयात असते ज्या वयात घरात महारीचा विषय निघतो, आणि शिक्षण कायद्याचे दार तिच्यासाठी बंद झालेले असते. गरोदर राहिलेल्या मुलींना शाळेत परत येऊ देण्याचा निर्णय आपल्या सरकारने नोव्हेंबर २०२१मध्ये घेतला, त्याचे मी मनापासून स्वागत केले होते. पण परत येण्याची वाट उघडणे आणि घराबाहेर ढकलण्याची वाट बंद करणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, आणि दुसरे अजून झालेले नाही. दंडसंहितेची अवस्था याहून बिकट आहे. १८ वर्षांखालच्या मुलीशी संबंध म्हणजे बलात्कार, असे १९९८च्या दुरुस्तीने ठरवले, पण ती १५ पूर्ण झालेली आणि पतीसोबत राहणारी पत्नी असेल तर नाही. एकाच मुलीच्या एकाच देहाचे रक्षण लग्नाच्या एका दिवसाने नाहीसे होते. कलम १३ हलले तर या अपवादाचा आधारही निसटतो, म्हणून मी त्या कलमापाशी इतकी अडून बसले आहे.

आता घटनेविषयी. आपल्या १९७७च्या घटनेचे अनुच्छेद ३०(५) न्यायालयाला अशी मुभा देते की घटनाबाह्य ठरलेला कायदा लगेच रद्द न करता सरकारला दुरुस्तीसाठी मुदत द्यावी, आणि दुरुस्ती होईपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर, तो कायदा वैध समजावा. मी ते वाचते तेव्हा मला एकच अर्थ लागतो: ती मुदत ऑक्टोबर २०२०मध्ये संपली, त्यामुळे ही कलमे त्या दिवसापासून घटनेच्या दृष्टीने निर्जीव आहेत. पण गावातल्या अधिकाऱ्याच्या, काझींच्या आणि पाद्र्यांच्या हातात जी छापील प्रत आहे, तिच्यात ती जिवंत आहेत. शहरातल्या वकिलाला माहीत असलेला कायदा एक आणि खेड्यातल्या बापाला माहीत असलेला कायदा दुसरा, ही स्थिती कोणत्याही विधी मंत्र्याला पाच वर्षे सोसवू नये.

सरकारने न्यायालयात मांडलेल्या भूमिकेत चालीरीती आणि धर्म यांचा मेळ घालण्याची गरज होती, आणि वयातला फरक मुलींच्या संरक्षणासाठीच आहे असेही म्हटले होते. अशाच चालीरीती शेजारच्या मलावीतही आहेत. तरीही २०१७ साली त्यांनी घटनाच दुरुस्त करून पालकांच्या संमतीची पळवाट काढून टाकली. झिंबाब्वेच्या घटनात्मक न्यायालयाने जानेवारी २०१६मध्ये १८ हे वय ठरवले. मोझांबिकने २०१९मध्ये कायदा केला, आणि सिएरा लिओनने याच वर्षीच्या जुलैमध्ये. आपण स्वतः २००७ साली मापुटो प्रोटोकॉलला, म्हणजे स्त्रियांच्या हक्कांविषयीच्या आफ्रिकी कराराला, मान्यता दिली आहे, ज्याचे अनुच्छेद ६ स्त्रीच्या विवाहाचे किमान वय १८ सांगते. मालीच्या कुटुंब कायद्यातले मुलींसाठीचे १६ हे वय या प्रोटोकॉलचा भंग करते, असा निकाल मे २०१८मध्ये आफ्रिकन मानवाधिकार न्यायालयाने दिला. ते न्यायालय बसते आपल्याच अरुशात. आणि अपील न्यायालयाच्या निकालानंतर महिनाही उलटला नव्हता तोच, नोव्हेंबर २०१९मध्ये, टांझानियाने व्यक्तींना आणि संस्थांना त्या न्यायालयात थेट दाद मागू देणारी आपली घोषणा मागे घेतली. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध होता असे मी म्हणत नाही. परिणाम मात्र असा झाला की दिलेल्या मुदतीत कायदा बदलला नाही तर जिथे जाता आले असते, ते जवळचे दारही मुलींसाठी मिटले.

मी आमच्या हिशेबाकडे येते म्हणाले होते. १८८०च्या दशकात मुंबईत रखमाबाई नावाच्या तरुणीने, अकराव्या वर्षी लावून दिलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला. १८८७मध्ये उच्च न्यायालयाने तिला नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम दिला, तेव्हा तिने तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. पुढे ती इंग्लंडमध्ये शिकून डॉक्टर झाली. १८९१मध्ये संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधासाठी मुलीचे कायदेशीर किमान वय, १० वरून १२ करण्याचा कायदा आला, तेव्हा त्याला सर्वांत कडवा विरोध आमच्याच पुण्यातून झाला, आणि तो करणाऱ्यांत लोकमान्य टिळक होते. ज्यांच्या नावाने आम्ही चौक आणि रस्ते ओळखतो त्यांची ही बाजू सांगताना मराठी माणसाला अवघड जाते, पण ती सांगितल्याशिवाय मला दुसऱ्या देशाला पत्र लिहिता येणार नाही. पत्नी १५ वर्षांची असेल तर बलात्कार नाही, हा आपल्यासारखाच अपवाद आमच्या दंडसंहितेत ऑक्टोबर २०१७पर्यंत होता. सर्वोच्च न्यायालयाने तो १८ वर नेला. आमच्या २००६च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यातही एक उणीव राहिलीच: बालविवाह गुन्हा आहे, पण तो आपोआप शून्य होत नाही, तर मुलीने न्यायालयात जाऊन तो रद्द करून घ्यावा लागतो. गेल्याच आठवड्यात, १८ ऑक्टोबरला, आमच्या सर्वोच्च न्यायालयाला या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी पुन्हा सूचना द्याव्या लागल्या.

कायदा झाला की लग्ने थांबतात, असा माझा भाबडा समज नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न १८ च्या आत झालेले आढळले. बीड भागात ऊसतोडीला ‘कोयता’ म्हणून नवरा-बायकोची जोडी लागते, मुकादमाची उचल जोडीवर मिळते, आणि मागे घरात वयात आलेली पोर एकटी ठेवायची कुणाच्या भरवशावर, या धास्तीने बाप तिचे हात पिवळे करून टाकतो. शिन्यांगातली गुरे आणि बीडचा कोयता यांच्यामागचे गणित मला तरी एकच वाटते. पण बीडमध्ये एखादी अंगणवाडी सेविका किंवा ग्रामसेवक लग्नाच्या मांडवात उभा राहून ‘हे बेकायदा आहे’ असे म्हणू शकतो, आणि त्या शब्दामागे पुस्तक उभे असते. आपल्या गावातल्या अधिकाऱ्याने हेच म्हटले तर पुस्तक त्यालाच खोटे पाडते.

म्हणून माझी विनंती मर्यादित आहे. डोडोमातल्या संसदेच्या पुढच्या अधिवेशनात कलम १३ व १७ यांच्या दुरुस्तीचे विधेयक मांडावे. त्यात ‘दिसणारे वय’ हा शब्द काढावा, १४व्या वर्षीच्या न्यायालयीन परवानगीसह एकही अपवाद ठेवू नये, आणि दंडसंहितेतला पत्नीविषयीचा अपवाद त्याच विधेयकाने वगळावा. शेवटचा मुद्दा सर्वांत नाजूक आहे, तरी तो राहू नये. ज्या मुली आज १८ च्या आत विवाहित आहेत त्यांचे लग्न नव्या कायद्याने अवैध ठरले, म्हणून त्यांची पोटगी, त्यांच्या मुलांचा वारसा आणि बी हावा मोहम्मद निकालाने मान्य केलेला मालमत्तेतला वाटा बुडू नये, अशी स्पष्ट तरतूद विधेयकात हवी. आम्ही भारतात हा प्रश्न अर्धवट सोडवला, त्याची किंमत मुलीच मोजत आहेत.

मसुद्यावर सूचना मागवल्या गेल्या, तर माझ्या विद्यार्थ्यांनी या दोन देशांच्या तरतुदींचे जे तुलनात्मक टिपण केले आहे ते मी आपल्या विभागाकडे पाठवीन. उत्तराची वाट पाहत आहे.

आपली विश्वासू,
दार-ए-सलाममधील एक माजी शिक्षिका, पुणे