वाइनच्या टाकीजवळ आम्हाला उभं करणाऱ्या ताईंना

पुणे

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

जाहीर कौतुक तुम्हाला आवडत नाही, हे ठाऊक आहे. तरी हे पत्र उघड लिहितो आहोत, कारण तुम्ही दिलेलं या धंद्यात नव्याने येणाऱ्या मुलींच्याही हाती पडायला हवं.

वाइनच्या धंद्यात मुलींना दोन खोल्यांत सहज जागा मिळते: पाहुण्यांना वाइन चाखायला देतात ती, आणि प्रयोगशाळा. दोन्ही कामं मोलाचीच. पण तोडणी कधी लावायची, कुठली टाकी कुठल्या लेबलखाली जाणार, बाटली कितीला विकायची, हे तिथे ठरत नाही. दिल्लीत तर मद्य मिळतं त्या जागी बायकांना नोकरीवर ठेवायलाच 1914 च्या अबकारी कायद्यातलं एक कलम आड येत होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते 2007 मध्ये रद्द ठरवलं. 2016 मध्ये सोनल हॉलंड भारतातल्या पहिल्या ‘मास्टर ऑफ वाइन’ झाल्या, म्हणजे वाइनच्या जगातली फार मानाची पदवी त्यांनी मिळवली. एवढं झाल्यावरही वायनरीत निर्णयाची सही बाईची असणं दुर्मीळच आहे. ती सही कशी कमवायची, हे तुम्ही शिकवलंत.

सुरुवात द्राक्षांच्या नमुन्यापासून. बागेत शिरून चार छान घड तोडून आणले की रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातली साखर मोजणारं यंत्र, हमखास जास्त आकडा दाखवतो, कारण नजर आपोआप उन्हाकडच्या, पिकलेल्या घडावर जाते. तुमची रीत ठरलेली: एका प्लॉटमधून दोनशे मणी, ओळीच्या दोन्ही बाजूंनी, घडाच्या वरून, मधून आणि टोकाकडून. कडेच्या ओळी सोडायच्या, ओळीतले पहिले-शेवटचे वेलही सोडायचे. वेळ रोज सकाळची, एकच. मणी पिशवीतच चुरडायचे, रस गाळायचा आणि ब्रिक्स (रसातली साखर), पीएच (आकडा चढला की आंबटपणाचा जोर कमी), आम्लता तिन्ही मोजायचे. नुसता ब्रिक्स 23 वर आला म्हणून तोडणी लावली आणि पीएच 3.8 वर गेलेला निघाला, तर त्याची किंमत सेलरमध्ये, म्हणजे वाइन बनते आणि मुरते तिथे, मोजावी लागते. आपल्याकडे फेब्रुवारीचं ऊन चढलं की आम्ल झपाट्याने उतरतं. म्हणून तुम्ही घालून दिलेला नियम आम्हाला फार मोठा वाटतो: जिने नमुना घेतला, तिची सही तोडणीच्या तारखेवर हवी. ‘आज नको’ म्हणायचा अधिकारही तिचाच.

ती किंमत काय, तेही तुम्ही आकड्यांत दाखवलंत. वाइन बिघडू न देणारा मुक्त सल्फर डायऑक्साइड पीएच 3.4 असताना 32 पीपीएम (लिटरला 32 मिलिग्रॅम) असला की जे संरक्षण मिळतं, तेच 3.8 ला हवं असेल तर 79 लागतात. ‘आपण नेहमी तीस टाकतो’ या सवयीने वाइन बिघडते ती इथे. त्यासाठी पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची पावडर वापरतात, तिच्यात सल्फर डायऑक्साइड सुमारे 57 टक्के. म्हणजे हजार लिटरच्या टाकीत 30 पीपीएम वाढवायचे तर सुमारे 53 ग्रॅम पावडर, आधी थोड्या पाण्यात विरघळवून, मग टाकीभर नीट मिसळून. त्यातला काही भाग वाइनमधल्या इतर घटकांशी बांधला जातो, मुक्त राहत नाही, तेव्हा दोन दिवसांनी पुन्हा मोजायचं. डबा उघडा राहिला तर पावडरीचा जोर जातो. डब्यावर उघडल्याची तारीख लिहायला लावणाऱ्या तुम्हीच.

टाकीत उतरण्याबद्दल तुमच्याइतकं कडक कुणी पाहिलं नाही. एक लिटर रस आंबताना पन्नासेक लिटर कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि तो हवेपेक्षा जड म्हणून टाकीच्या तळाशी, सेलरच्या खड्ड्यांत साचून राहतो. मेणबत्ती खाली सोडून बघायची जुनी रीत तुम्ही बंद केलीत. मेणबत्ती तेवत असतानाच माणसाचं भान जाऊ शकतं. आधी पंखा, मग गॅस मीटर, मग दोरी, आणि बाहेर दुसरं माणूस. आतलं माणूस कोसळलं तरी बाहेरच्याने मागोमाग आत उडी घ्यायची नाही. हे पाठ असलेल्या मुलीला ‘सेलरचं काम बायकांचं नाही’ असं कुणी म्हणू शकत नाही. तिच्याच सांगण्यावरून सेलर चालतो.

आणि थुंकणं! याबद्दल उघड कुणी बोलत नाही. चाखणीला वीस नमुने, दर घोट 15 मिली. सगळे गिळले तर 300 मिली वाइन पोटात जाते आणि दहाव्या नमुन्यानंतरचं मत भरवशाचं राहत नाही. चारचौघांत थुंकायला मुली लाजतात आणि तिथेच मागे पडतात. तुम्ही आधी घरी, बेसिनपाशी साध्या पाण्याने सराव करायला लावलात: ओठ आवळून, गाल दाबून, एक सरळ धार. लहान गोष्ट आहे, पण चाखणीच्या टेबलावर शेवटपर्यंत मत देता येतं ते याच्यामुळे.

वासांचे शब्दही तुम्ही मंडईतून आणलेत. सोव्हिन्यो ब्लांक या पांढऱ्या वाइनचा हिरवा वास ओळखायला ढोबळी मिरची कापून हुंगायची, कारण दोन्हींत एकाच जातीचं रसायन असतं. शिराझ या लाल वाइनसाठी ताजे कुटलेले मिरे. पावसाळ्याच्या तोंडाला जांभळं, करवंदं. बूच खराब असेल तर ओल्या पुठ्ठ्याचा वास. परदेशी पुस्तकातली न खाल्लेली फळं पाठ करण्यापेक्षा नाकाला हे लवकर कळतं.

हिशेबाची वही मात्र तुमची खरी देणगी. एक टन द्राक्षांतून साधारण 650 लिटर, म्हणजे 866 बाटल्या. किलोला 50 रुपये धरले तर बाटलीत द्राक्ष सुमारे 58 रुपयांचं. त्यावर काच, बूच, लेबल, खोका. दारू जीएसटीबाहेर असल्यामुळे या मालावर भरलेला जीएसटी परत वळता होत नाही, तो खर्चातच धरायचा. नवख्यांचा हिशेब बहुतेकदा इथेच चुकतो. मग प्रत्येक राज्याचं वेगळं उत्पादन शुल्क, वेगळी लेबल नोंदणी. शंभर पेट्यांसाठी नवं राज्य उघडायचं का, हा प्रश्न नोंदणी शुल्काला 1200 बाटल्यांनी भागलं की सुटतो. बैठकीच्या आदल्या दिवशी हे एका पानावर सगळ्यांना पाठवायचं आणि बैठकीत सुरुवात त्या आकड्यापासून करायची. बैठकीचं टिपण मुलीनेच लिहायचं असेल तर विषयपत्रिकाही तिनेच ठरवायची, हे तुमचंच.

हंगामात प्रेस, म्हणजे द्राक्षं पिळायचं यंत्र, रात्रभर चालतो. रात्रपाळीत मुलगी नको म्हटलं की तिचा अर्धा अनुभव गेला. तुम्ही मेहेरबानी मागितली नाहीत. गाडी, उजेड, स्वच्छतागृह आणि किमान दोघी एकत्र, हे सगळं कामाच्या तक्त्यातच लिहून घेतलंत. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत तक्रार समिती 2013 च्या कायद्याने बंधनकारक आहे. तिच्या सदस्यांची नावं भिंतीवर लागेपर्यंत तुम्ही गप्प बसला नाहीत.

सगळ्यांत जास्त आभार मात्र बागेतल्या बायकांसाठी. छाटणीमागची वेचणी, पानं काढणं, विरळणी, तोडणी, सगळं त्या करतात, आणि वही मुकादमाच्या हातात. वेलाला घड किती, ओळीत किती क्रेट निघाले, भुरी (वेलावरचा बुरशीचा रोग) कुठे दिसली, याच्या नोंदी तुम्ही त्यांच्याकडून लिहून घ्यायला लावल्यात. भुरीचा पहिला पांढरा ठिपका पानाच्या आड त्यांनाच आधी दिसतो.

तुमच्या हातच्या त्या वहीच्या प्रती काढल्या आहेत. ऑक्टोबरच्या छाटणीला तीन नव्या मुली येत आहेत, पहिल्या तीन प्रती त्यांच्या. मणी पिकू लागले की बागेत याल ना? मणी कुठून वेचायचे, हे तुम्हीच दाखवा.

आपल्या,
सेलरमधल्या आणि बागेतल्या मुली